सरस घातलेलं कपाट

मोडायच्या कामाला डोकं थंड लागतं म्हणतात. त्या सकाळी त्या घरात थंड अशी एकच वस्तू होती, टेबलावरचा चहा. सुनेनं तो सासऱ्यापुढे आपटला होता आणि सासऱ्यानं त्याला हात लावला नव्हता.

घर सोडायचा दिवस होता. भाड्याची मुदत संपली होती आणि मालकाला घर रिकामं हवं होतं, अगदी झाडून. सामान तसं फार नव्हतंच. गेल्या थंडीत नवरा निघून गेला, तेव्हा त्याला हवं ते तो घेऊन गेला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यानं दुसरीबरोबर नवा संसार थाटला. मागं राहिली बायको आणि राहिला बाप. नको असलेल्या वस्तू माणूस मागं टाकतो, तशी ही दोघं मागं पडली आणि एका छपराखाली राहू लागली. सून इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात कामाला होती. तापलेल्या रुळांमधून ओल्या चादरी ओढून ओढून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते. सासऱ्याचा जन्म पुस्तकांची बांधणी करण्यात गेला. खळ, डिंक आणि सरस यांवाचून जगात दुसरं काही टिकतं, यावर त्याचा विश्वास नव्हता.

सुनेनं कारखान्याजवळ दोन खोल्या घेतल्या होत्या. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरची जागा चांगली होती, भरपूर उजेडाची. पण हिनं तळमजल्याची घेतली. का, तर म्हाताऱ्याचे गुडघे. हे ती त्याला कधी बोलली नाही. त्यात बोलायचं काय, असं तिचं म्हणणं. घरचं माणूस घर बदललं की बरोबर येतंच.

आणि सकाळी गाडीवाल्याचा फोन आला.

"ताई, सामान दोन ठिकाणी उतरवायचं ना? आधी तुमचं, मग बाबांचं त्यांच्या मुलाकडं. बाबांनी तसं सांगून ठेवलंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडानं ती एवढंच म्हणाली, "या तुम्ही."

राग म्हातारा जाणार याचा नव्हता. म्हणजे होता, पण तो नंतरचा. आधीचा राग निराळाच. नवरा सोडून जाणार हेही तिला असंच कळलं होतं. तो न्हाव्याकडं केस कापायला बसला असताना म्हणाला होता, "मी आता तिकडं राहायला जाणार, तिकडं तुमच्या ओळखीचा कुणी चांगला न्हावी आहे का?" न्हाव्याची बायको हिच्याच कारखान्यात घड्या घालायला. सगळ्या कारखान्याला ठाऊक झालं, चादरींना ठाऊक झालं, आणि हिला सगळ्यांच्या शेवटी. खाण तशी माती म्हणतात. इथं माती आधी दिसली होती, खाण आज दिसली.

आपण होऊन काही विचारायचं नाही, असं तिनं ठरवलं. बघू या, हा माणूस तोंड कधी उघडतो. चहा आपटला तो त्यासाठीच.

आता एकच मोठी वस्तू उरली होती, कपाट. फळ्यांच्या गठ्ठ्यात घरी येतं आणि आपलं आपण जोडायचं, तसलं. भुशाच्या फळ्या, दोन आरशांची दारं, खाली दोन खण, आणि वर, ते पुढं कोसळू नये म्हणून भिंतीला जखडलेली लोखंडी पट्टी. पलंग आणि टेबल तिनं आदल्या दिवशीच सोडवून ठेवलं होतं. प्रत्येकाचे स्क्रू निराळ्या पिशवीत, पिशवी त्या त्या फळीला चिकटवलेली. कपाटाचं तिनं म्हाताऱ्याला सकाळीच बजावलं होतं.

"आधी आतलं सगळं बाहेर. मग खण. मग आरशांवर चिकटपट्ट्या मारायच्या, फुटलेच तर काचा उडायला नकोत. मग दारं, एकानं धरायचं, दुसऱ्यानं बिजागरी सोडायची. भिंतीची पट्टी सगळ्यात शेवटी. तोवर तिला हात लावायचा नाही. कळलं?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाळाला एकदा सांगितलं तर कळतं."

आतलं सगळं आणि खण बाहेर निघाल्यावर चिकटपट्टी आणायला म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. पट्टी लगेच सापडली, पण राग कुठं ठेवायचा ते सापडेना, म्हणून तिनं खोक्यात भरलेली भांडी परत काढून परत भरली. जरा जोरातच. तेवढ्यात आतून करकरलं आणि मग कडकन काहीतरी तुटलं.

धावत जाऊन बघते तर म्हातारा कपाटापुढं उभा, दोन्ही हात वर, आणि कपाट त्याच्या अंगावर आलेलं. भिंतीची पट्टी सोडलेली. दोन्ही दारं सताड उघडी. आरशांचं सगळं वजन पुढं गेलं होतं आणि कपाटाचे पुढचे दोन्ही चिमुकले प्लास्टिकचे पाय पिचले होते. बाजूला स्टूल आडवं पडलेलं. तिनं चिकटपट्टी फेकली, झेप घेतली आणि दुसऱ्या कडेला खांदा लावला.

कपाट थांबलं. दोघं कपाटाला टेकून उभी राहिली.

"काय सांगितलं होतं मी?"

"वरचं काम आधी उरकत होतो. दमल्यावर गुडघे चढू देत नाहीत."

"गुडघे दमतात. जीभ तर नाही ना दमत? हाक मारता येत नव्हती?"

"तू तिकडं भांडी आपटत होतीस. हाक कुणाला ऐकू जाणार?"

"का आपटत होते ते विचारलंत?"

म्हाताऱ्यानं फळीवरची पकड बदलली.

"रेटा मागं. एकदम. आता."

दोघांनी रेटलं. कपाट मागं गेलं, भिंतीला टेकलं, आणि सोडू बघतात तर अडेल बैलासारखं परत पुढं आलं. पुढं पायच उरले नव्हते, उभं राहणार कशावर? खाली काहीतरी सारायला हवं होतं. पण सारायचं तर वाकायला हवं, आणि वाकायचं तर एकानं सोडायला हवं.

"सोडू नका," ती म्हणाली.

"मी कुठं सोडतोय? सोडणारा निराळा. तो केव्हाच गेला."

"गेला त्याचं राहू द्या. तुमचं बोला. तुम्ही कधी निघताय?"

म्हाताऱ्यानं मान पलीकडं फिरवली. कपाट खांद्यावर असलं की माणसाला खोली सोडून जाता येत नाही, ही त्या कपाटाची एक चांगली गोष्ट.

"कोण म्हणालं?"

"गाडीवाला. त्याला मी अजून बघितलेलंही नाही. पण माझा सासरा आज मला सोडून चाललाय, हे त्याला ठाऊक. कपाट, पलंग, खोकी, सासरा, सगळं त्याच्या यादीत आहे. फक्त मला ठाऊक नाही."

"सांगणार होतो."

"कधी? गाडीतून हात हलवून?"

"घास घशाखाली उतरत नाही गं चार दिवस. सांगायचं म्हणून तोंड उघडतो आणि तू समोर येऊन म्हणतेस, गोळी घेतलीत का. मग कसं सांगू?"

"म्हणजे गोळी विचारली हा माझा गुन्हा."

"तसं नाही."

"मग कसं ते सांगा. मी कुठं जात नाही. जाता येतच नाही मला."

म्हाताऱ्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. तो कपाटाच्या फळीकडं बघत बोलला.

"पोर माझं. त्यानं शेण खाल्लं. आणि बाप कुणी सांभाळायचा, तर तू. कुठल्या तोंडानं येऊ मी तुझ्या घरी? इथं होतो ते ठीक. हे घर त्याचंही होतं. तिथं माझं काय आहे? तू सकाळी त्या भट्टीत जाणार, संध्याकाळी येणार आणि माझं ताट वाढणार. मी कोण तुझा?"

"हे तुम्ही ठरवलंत?"

"ठरवायला काय, दिसतंच आहे."

"आणि तो? त्याच्याकडं ताट कोण वाढणार? ती?"

"मी काय तिथं सुखानं चाललोय?" म्हाताऱ्याचा आवाज चढला आणि कपाटही जरा हललं. "त्याच्या बैठकीच्या खोलीत मी मधोमध खुर्ची टाकून बसणार आहे. रात्रभर खोकणार आहे. मुद्दाम. तिनं केलेल्या प्रत्येक भाजीला मीठ कमी म्हणणार. पाहुणे आले की त्यांना सांगणार, ही दुसरी, पहिली फार चांगली होती. त्याला वाटतंय आपण सुटलो. बघतोच कसा सुटतो ते."

तिला हसू फुटत होतं, आणि हसू फुटतंय म्हणून ती आणखी चिडली.

"वा. म्हणजे तुमचा राग काढायला तुम्हाला जागा मिळाली. खुर्चीसकट. आणि माझा मी कुठं काढू? तुम्ही दोघं बापलेक तिकडं भांडा, जेवा, परत भांडा. मी इकडं चार भिंतींशी बोलू?"

"तुला एकटीला निवांत वाटेल असं मला वाटलं."

"तुम्हाला वाटलं, त्याला वाटलं. मला काय वाटतं ते या घरात कुणी एकदा तरी विचारलंय का?"

"खालचं दार उघडंच होतं, म्हणून आलो," दारातून आवाज आला.

गाडीवाला. आडव्या अंगाचा माणूस, हातात जाड दोर. त्यानं आधी कपाटाकडं पाहिलं, मग त्या दोघांकडं.

"भांडण व्हायचं असेल तर मी खाली थांबतो," तो म्हणाला.

"इथंच थांबा," सून म्हणाली, "आणि ती पलंगाची फळी आधी याच्या पुढच्या कडेखाली सारा. हात घालू नका, पायानं ढकला."

फळी आत गेली. कपाटाचा भार तिच्यावर बसला आणि दोघांचे खांदे मोकळे झाले. म्हातारा मटकन खोक्यावर बसला. खांद्यावर फळीची कड लालभडक उमटली होती. सुनेनं ती पाहिली. तिनं आरशांवर चिकटपट्ट्या आडव्यातिडव्या मारल्या, गाडीवाल्याला दार धरायला लावलं, आणि खालची बिजागरी आधी, वरची मागून, अशी दोन्ही दारं उतरवली. मग तिघांनी मिळून कपाट गादीवर पाठीवर झोपवलं.

इथून पुढं काम सोपं असायला हवं होतं. फळ्या जोडणाऱ्या चकत्या पेचकसानं अर्ध्या फिरवल्या की सांधा सैल होतो आणि फळी ओढली की सुटते. तिनं चकत्या फिरवल्या. फळी ओढली. काही नाही. गाडीवाल्यानं ओढली. काही नाही. तिनं फळीवर कापड ठेवून वरून ठोकलं. कपाट असं गप्प पडून होतं, जसं काही त्याचा या चर्चेशी संबंधच नाही.

"मामंजी."

"काय."

"हे सुटत का नाही?"

"सरस घातलाय."

"कुणी?"

"मी. दुसरं कोण घालणार?" म्हाताऱ्यानं खांदा चोळत सांगितलं. "तुमचं लग्न झालं त्या वर्षी. पोरानं जोडलं तेव्हा डुगडुगत होतं. तुम्ही दोघं कामावर गेलात, मी सगळं सोडलं, सरस कढवला आणि लाकडी खुंट्या एकेक बुडवून परत ठोकल्या. त्या चकत्यांच्या भरवशावर कुणी कपाट उभं करतं का?"

"आणि मला सांगितलं नाहीत."

"मजबूत झालं, त्यात सांगायचं काय? डुगडुगलं का नंतर एकदा तरी?"

"बाबा," गाडीवाला म्हणाला, "हे सोडवण्यासाठीच बनवलेलं असतं. सोडवा, न्या, परत जोडा."

"पुस्तकसुद्धा उघडण्यासाठीच असतं. म्हणून काय पानं सुटी ठेवायची?"

गाडीवाला जिन्याकडं जाऊन आला, हातानं माप घेतलं आणि मान हलवली. "अख्खं वळणावरून निघणार नाही. अडकलं तर जिनाही बंद. इथंच राहू द्या."

"मालक राहू देणार नाही."

"मग हातोडा."

त्यानं गाडीतून हातोडा आणला. सुनेनं बूट चढवले, चादरी ओढायचे जाड हातमोजे घातले आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "पायात काहीतरी घाला. खिळे उडतील. आणि मागं सरका." मग तिनं आतल्या बाजूनं पहिला घाव घातला.

सरसाचा सांधा सुटला नाही. त्याच्या शेजारची फळी फाटली. भुसा उडाला, वरचा गुळगुळीत कागद सालासारखा निघाला, पण खुंटी सरसात जिथं होती तिथंच. तिनं दुसरा घाव घातला, तिसरा घातला. न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची, कारखान्यातल्या बायकांचं ती आली की थांबणारं बोलणं, थंडीतलं ते अर्धं रिकामं कपाट, सगळं हातोड्याखाली येत होतं. तिच्या कपड्यांच्या बाजूची फळी गेली, मग मधली. गाडीवाला भिंतीला चिकटून उभा होता. असल्या वेळी मधे पडू नये, एवढं त्याला धंद्यानं शिकवलं होतं.

"मला दे," म्हातारा म्हणाला.

"गुडघे."

"बसून मारतो. दे."

तिनं हातोडा दिला. आपण जोडलेल्या कपाटापुढं म्हातारा गादीवर बसला, क्षणभर त्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि मग असा घाव घातला की गाडीवाल्यानं डोळे मिटले. म्हातारा दर घावाला पुटपुटत होता. शब्द कळत नव्हते, पण कुणाला उद्देशून होते ते कळत होतं. शेवटी त्याला धाप लागली तेव्हा कपाटाच्या जागी फळ्यांचे तुकडे उरले होते. त्यांच्या कोपऱ्यांना सरसाचे सांधे जसेच्या तसे.

"बघ," तो धापा टाकत म्हणाला. "सांधा एक नाही गेला."

"कपाट गेलं की."

"फळी हलकी होती. माझी चूक नाही."

ती हातमोजे काढत गाडीवाल्याकडं वळली. "सामान एकाच ठिकाणी उतरेल. माझ्याकडं. दुसरीकडं जायचं नाही."

म्हाताऱ्यानं हातोडा खाली ठेवला. हळूच ठेवला, पण तोंड लाल झालं होतं.

"हे तू आता कुणाला सांगितलंस?"

"म्हणजे?"

"मी इथं बसलोय. ढळढळीत. आणि मी कुठं राहायचं ते तू गाडीवाल्याला सांगतेस. मघाशी मला एवढं सुनावलंस. मी परक्याला आधी सांगितलं तर मी वाईट. आणि तू सांगितलंस तर?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नवरा निघाला त्या दिवशीही ती अशीच उभी होती, ओठ आवळून, तो बॅग भरत असताना. राहा, असा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. निघाला असता तरी तो राहिला नसता, तो त्या लायकीचाच नव्हता. पण न बोलण्याची सवय त्याची एकट्याची नव्हती, हे तिला त्या भुशाच्या ढिगात उभं राहून कळलं, आणि कळल्याचा तिला परत राग आला.

"मी जाऊ का खाली?" गाडीवाल्यानं विचारलं.

"नाही. उभे राहा." ती म्हाताऱ्यासमोर आली. भीक मागायला आल्यासारखी नाही, भांडायला आल्यासारखीच. "मामंजी, तुम्ही माझ्याकडं राहायला यावं असं मला वाटतं. ओझं म्हणून नाही आणि दया म्हणूनही नाही. घरी आल्यावर कुणावर तरी ओरडायला मिळावं म्हणून. तळमजला घेतलाय. तुमच्या गुडघ्यांसाठी. उजेड नाही तिथं."

"नाही म्हणजे किती नाही?"

"दिवसा दिवा लावावा लागतो."

"मग वरची का नाही घेतलीस?"

"आत्ता सांगितलं ना."

"आत्ता सांगतेस."

"तुम्ही तरी केव्हा सांगता?"

म्हातारा गादीवर बसल्या बसल्या नखांखालचा भुसा काढू लागला.

"आणि मी म्हटलं, नाही, मुलाकडंच जातो, तर?"

"तर जा. मी तुमची खोकी गाडीत ठेवून देईन. पण मला सांगून जा. माझ्याकडं बघून."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. जातो, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं ओठ हलवून पाहिले. मग मान खाली घातली.

"नाही येत म्हणायला," तो म्हणाला. "पण मग त्या पोराला असंच सोडायचं? त्याला कुणी काही बोलायचंच नाही?"

"बोला की. फोन कशाला आहे?"

गाडीवाल्याला वाटलं, आपण काहीतरी मदत करावी. "मग मी त्या पत्त्यावर कळवून टाकतो, की बाबा येत नाहीत."

"तुम्ही काही कळवायचं नाही," दोघं एकदम म्हणाली.

म्हाताऱ्यानं खिशातून फोन काढला. चष्मा कुठल्या खोक्यात गेला होता कुणास ठाऊक, म्हणून फोन हातभर लांब धरला आणि मुलाचा नंबर लावला. सून आणि गाडीवाला यांनी आरशाचं एक दार उचललं, उभं धरून, काच आतल्या बाजूला, आणि दोघं हळूहळू खोलीबाहेर पडली. मागून म्हाताऱ्याचा आवाज येत होता.

"मी येत नाही तुझ्याकडं. नाही, तिनं अडवलं नाही. विचारलं तिनं मला. हो, विचारलं. तुला कधी सुचलं होतं का? ऐक, ठेवू नकोस. ठेवायचा नाही म्हणतो ना. गेल्या थंडीपासूनचं माझं राहिलंय सगळं."

आवाज चढत गेला. जिन्याच्या वळणावर दार फिरवायला दोघं थांबली. वरून शब्द स्पष्ट ऐकू येत होते, आणि ते काही लहान मुलांपुढं बोलायचे नव्हते.

"चिकटपट्टी सुटतेय," गाडीवाला म्हणाला. "लवकर उतरू या का?"

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि दाराची कड पायावर टेकवली. "त्यांचं होऊ द्या."